खोटी साक्ष: सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची

वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी आपल्यावर अन्याय करतात, ही तक्रार आमच्या धर्मग्रामात वारंवार ऐकू येते. तक्रार खोटी नाही, परंतु ती अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग आम्ही येथे मांडणार आहोत. तो सर्वांना रुचेल असे नाही.

२०२० सालचा एप्रिल महिना आठवा. १६ एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर व मुले पळविणारे फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. तपासात पुढे हेच कारण नोंदले गेले. परंतु तपासाआधीच काही मंडळींनी मिशनऱ्यांकडे बोट दाखविले. आपण किती व्यथित झालो! 'पुरावा कुठे आहे?' असे आपण संतापाने विचारले. तो प्रश्न रास्तच होता.

त्याच दिवसांत दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी पडद्यावर अहोरात्र चालू होती. आपल्या जिल्ह्यातील मशिदींत परदेशी पाहुणे आढळले आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. चर्चची दारे बंद होती. राहात्यातील आपली माणसे दूरध्वनीवरून विचारीत, "फादर, त्या मुसलमान गाडीवाल्याकडून कलिंगड घ्यावे का?" आम्ही उत्तर दिले, "सध्या जपलेले बरे." पुरावा कुठे आहे, हे या वेळी आम्ही विचारले नाही. तपासल्यावाचून स्वीकारलेली गोष्ट पुरोहिताच्या तोंडून पुढे गेली.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपल्या जिल्ह्यातील या प्रकरणात २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी नमूद केले की, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या परदेशी नागरिकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते. दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, मात्र काही निरीक्षणांशी असहमती नोंदविली. हेही आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या मुद्द्याला अडचणीचे ते गाळणे, हाच तर पक्षपात होय.

तो निकाल आपल्यापैकी किती घरांत पोचला? त्या गाडीवाल्याची क्षमा कोणी मागितली? आम्ही मागितली नाही.

पक्षपात नेहमी उघड खोटे बोलून होत नाही. मथळा बहुधा वार्ताहर देत नाही, कचेरीतील उपसंपादक देतो. तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा तुटपुंज्या मानधनावर राबतो. जाहिराती व वाढदिवसाच्या पुरवण्या मिळविणेही त्याच्याच माथी असते. मग जाहिरातदाराविरुद्ध त्याने लिहावे तरी कसे? आरोप पहिल्या पानावर झळकतो आणि निर्दोषत्वाला आतल्या पानाचा कोपरा मिळतो.

'मग काही वाचूच नये,' असे कोणी म्हणतील. ज्या नगर जिल्ह्यात १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाला, तेथील ख्रिस्ती माणसाला हे उत्तर शोभत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर हुकूमनामा काढला. बातमी सत्य व शक्यतो परिपूर्ण असावी, असे त्यात सांगितले आहे. परंतु वाचक, श्रोते आणि प्रेक्षक यांच्याही कर्तव्याचा त्यात उल्लेख आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून वाचकहो, बातमी हाती आली की चार प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? ज्याच्यावर आरोप आहे, त्याचे म्हणणे छापले आहे का? मथळ्यातील विधान खालच्या मजकुरात सिद्ध होते का? आणि चौथा, सर्वांत अवघड प्रश्न असा की, हीच बातमी आपल्या फादरांविषयी किंवा सिस्टरांविषयी असती, तर इतक्याच पुराव्यावर आपण तिच्यावर विश्वास ठेवला असता का?

आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ती आज्ञा केवळ पत्रकारांसाठी नाही. पिलाताच्या अंगणातील जमावाने आरोप रचले नव्हते. त्याने ते फक्त मानले आणि मोठ्याने उच्चारले. एप्रिल २०२० मध्ये आम्ही त्याच अंगणात उभे होतो. पुन्हा तशी वेळ आली, तर दूरध्वनीवरचे आमचे उत्तर वेगळे असेल. आपलेही असावे, एवढेच मागणे.