घरपट्टीची पावती आणि आपले घर



गेल्या पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील झाले, खीरदान झाले, आणि मंडळी उठण्याच्या बेतात असताना मागच्या रांगेतील एका ताईंनी आम्हाला थांबवले. ताई विधवा आहेत. दहा बाय पंधराच्या झोपडीत दाराशी शिलाई मशीन, मागे संसार. पिको-फॉल आणि ब्लाऊज यांवर दोन मुलांचे शिक्षण चालले आहे. त्या म्हणाल्या, "दादा, गल्लीत म्हणतात की आता झोपडीतल्या धंद्याला पालिका घरपट्टी लावणार. एक जण म्हणतो, भरून टाका, पावती मिळाली की घर पक्कं झालं. दुसरा म्हणतो, भरू नका, फसाल. आम्ही काय करायचं?"

त्या दिवशी आम्ही "बघून सांगतो" एवढेच म्हणालो. प्रश्न एकट्या ताईंचा नाही, म्हणून उत्तर येथे देतो.

बातमी खोटी नाही. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडला गेला. आकडा ७४ हजार कोटींच्या वर. त्यात झोपडपट्ट्यांतील दुकाने, गोदामे, हॉटेले अशा व्यावसायिक गाळ्यांना मालमत्ता कर लावण्याचा प्रस्ताव होता. अंदाज असा की मुंबईत सुमारे अडीच लाख झोपड्या आहेत, त्यांतील किमान २० टक्के, म्हणजे ५० हजार, धंद्यासाठी वापरल्या जातात, आणि त्यांच्यापासून ३५० कोटी रुपये मिळतील.

आता घरातल्या शाळकरी मुलाला पाटी घेऊन बसवा. ३५० कोटींना ५० हजारांनी भागा. एका गाळ्यामागे वर्षाला ७० हजार रुपये येतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५ हजार ८००. अर्थात भंगाराचे मोठे गोदाम आणि ताईंची मशीन यांना एकच आकडा लागणार नाही, कर क्षेत्रफळावर आणि वापरावर बसतो. पण सरासरी ही अशी आहे. दुसरीकडे, हे ३५० कोटी म्हणजे पालिकेच्या एकूण अर्थसंकल्पातील शंभर रुपयांमागे आठ आणेही नाहीत. ज्या पालिकेच्या मुदत ठेवी तेव्हा ८० हजार कोटींच्या वर होत्या, तिला त्या आठ आण्यांसाठी झोपडीच्या दाराशी यावे लागले! त्या ठेवींवर देणी आहेत, मोठी कामे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मनात यायचे ते येतेच.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. कराचा हा प्रस्ताव त्याच काळातला. वस्तीच्या वतीने सभागृहात उभे राहून "ताईंच्या मशीनचे काय?" असे विचारणारा कुणीही नव्हता.

"झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत" हे वाक्य आपण बसमध्ये, कचेरीत, कधी आपल्याच शिकलेल्या मुलांच्या तोंडून ऐकतो. हे वाक्य खोटे आहे. ते का खोटे आहे हे घराघरात कळले पाहिजे.

मुंबई पालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न वर्षानुवर्षे जकातीचे होते. नाक्यावर ट्रक थांबायचा, मालावर जकात पडायची आणि ती दुकानदार आपल्या खिशातून देत नसे. ती किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडे यायची. आपण घेतलेल्या पत्र्यात, सिमेंटच्या गोणीत, भांड्यात, साबणात ती होती. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. पुढे बऱ्याच महानगरपालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पाळले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. मोठ्या मंडळींनी बंद पाळला की कर जातो, हेही त्यात शिकण्यासारखे आहे. मुंबईची जकात मात्र टिकली, ती १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. त्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला नुकसानभरपाई देते आणि कायद्याने ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. २०२५-२६ मध्ये ती रक्कम १४ हजार कोटींच्या आसपास गेली होती. त्या वर्षी मालमत्ता करातून पालिकेला जेमतेम पाच हजार कोटींची अपेक्षा होती. म्हणजे पालिकेचा मोठा आधार आजही बाजारात वस्तू विकत घेणाऱ्या माणसाच्या खिशावर उभा आहे. त्यात ताई आहेत, त्यांच्या धाग्याची रिळे आहेत, मशीनचे तेल आहे. फक्त त्या कराची पावती त्यांच्या नावाने फाटत नाही.

येथे परमपूज्य बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला आणि जो १९२५ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला, त्याचा विषयच ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास हा होता. मध्यवर्ती सरकार प्रांतांना पैसा कसा देत गेले, आधी ठरावीक नेमणूक, मग काही उत्पन्ने नेमून दिली, मग उत्पन्नात वाटणी, याची वर्षवार मांडणी त्यांनी केली. आपण बाबासाहेबांच्या घटनेबद्दल बोलतो, महाडबद्दल बोलतो, पण तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती याचाही त्यांनी तरुण वयातच खोल अभ्यास केला होता हे विसरतो. मुंबईची जकात जाऊन नुकसानभरपाई आली, तेव्हा एक स्वतःचे उत्पन्न गेले आणि वरून येणारी नेमणूक आली. ज्या पालिकेला महिन्याच्या महिन्याला वर पाहावे लागते, ती घरच्या घरी वसूल होणारा कर शोधणारच. झोपडीतल्या गाळ्यापर्यंत ती पोचली त्याचे एक कारण हे आहे.

बरे, मालकांवर आणि धंद्यांवर कर बसवून कामगारांची घरे कधी बांधलीच गेली नाहीत, असेही नाही. आपल्यातील कितीतरी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या बी. डी. डी. चाळींत वाढल्या. १९२० नंतरच्या काळात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे या २०७ चाळी उभ्या राहिल्या, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांची मूळ योजना ५० हजार खोल्यांची होती, झाल्या त्याच्या एक तृतीयांश. पण पैशाची तजवीज बघा. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला होता. ज्या कापसावर गिरण्या चालत, त्याच कापसाने कामगाराच्या खोलीचा खर्च उचलायचा. सरकार परके होते, हेतू स्वच्छ होते असेही आम्ही म्हणणार नाही. खोल्या कोंदट, भाडे सुरुवातीला जास्त, त्यामुळे कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. तरी व्यापारावरच्या कराचा आणि गरिबाच्या छपराचा संबंध तेव्हा कागदावर जोडला गेला होता. बाबासाहेब स्वतः त्या काळात परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. खोली कशी असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या बी. डी. डी. चाळींच्या जागी आता टोलेजंग इमारती उठत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला, तोही चांगलाच. पण ती माफी राहत्या घराला आहे. ताईंच्या दीडशे फुटांतील दाराजवळची जागा धंद्याची धरली गेली, तर ती माफी तेथे कामाला येणार नाही. पाचशे फुटांच्या फ्लॅटला सूट आणि पन्नास फुटांच्या मशीनला आकारणी, हे आम्हाला पटत नाही. मोठी गोदामे, भाड्याने दिलेले गाळे यांना कर लावा, आमची ना नाही. राहत्या झोपडीत बाईमाणूस शिवण, पापड, खानावळ करीत असेल, तर तेथे टेप लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कर भरला तर घर आपले होते काय? नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. जमीन सरकारची असेल तर ती सरकारचीच राहते. गल्लीत कुणी "एवढे पैसे द्या, पावतीवर नाव चढवतो, घर कायम करून देतो" असे सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. गावाकडेही हाच घोळ आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून कितीतरी जण निश्चिंत असतात, पण तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही.

मग पावती निरुपयोगी आहे का? तसेही नाही. पावतीवर तारीख असते. आपल्या वस्त्यांचा सगळा इतिहास तारखांचा आहे. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, फोटोपास आले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग १ जानेवारी २००० आली. त्यानंतर २०११ च्या १ जानेवारीपर्यंतच्या निवासी झोपड्यांना पैसे भरून घर देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये निश्चित झाली. ज्यांच्याकडे त्या तारखांआधीचा कागद होता ते पात्र ठरले, ज्यांचा कागद पावसात भिजला, उंदराने खाल्ला किंवा पाडकामात ढिगाऱ्याखाली गेला, ते वर्षानुवर्षे खेटे घालत बसले. १९७६ च्याच कमाल जमीन धारणा कायद्याने शहरातील जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळायची होती. ती किती मिळाली हे आपण जाणतो. तो कायदाही राज्याने २००७ मध्ये सोडून दिला. म्हणून हातात राहिला तो कागदच.

कागदाचा कंटाळा करू नका. चवदार तळे नगरपालिकेचे की खाजगी, हा प्रश्न शेवटी कोर्टात कागदांवरच लढवला गेला. महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला, १९२७ मध्ये तोच ठराव मागे घेतला, आणि बाबासाहेबांनी तो दावा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ चा निकाल लागेपर्यंत चालवला. दहा वर्षे!

तेव्हा वस्तीत मोजणीला माणसे आली तर काय करावे, ते सांगतो. आधी ओळखपत्र पाहा. मोजताना घरातील समजते माणूस, निदान शिकलेली मुलगी, हजर असू द्या. किती फूट राहण्याचे आणि किती फूट धंद्याचे लिहिले ते वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. नोटीस आली तर ती चुलीत घालू नका. आकारणीवर हरकत घेण्याचा हक्क १८८८ च्या पालिका कायद्यातच आहे, मात्र तो मुदतीत वापरावा लागतो. हरकतीच्या अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. जेथे पुनर्वसन योजना येऊ घातली आहे तेथे परिशिष्ट-२ मध्ये आपली जागा निवासी लिहिली की बिगरनिवासी, हे स्वतः जाऊन बघा. खरोखर जुने दुकान असेल तर गुमास्त्याचा परवाना आणि धंद्याचे लाइट बिल शोधून ठेवा, कारण पात्र गाळ्याला २२५ चौरस फुटांपर्यंतची जागा मोफत मिळते, आणि पुराव्याशिवाय ते दुकान कुणी दुकान मानत नाही.

आणि नावे तपासा. लाइट बिल सासऱ्यांच्या नावे, रेशनकार्ड नवऱ्याच्या नावे, मतदार यादीत बाईचे माहेरचे नाव, असे अर्ध्या घरांत आहे. पुनर्वसनाचे घर पती-पत्नी दोघांच्या नावे मिळते. बाईचे नाव कागदावर घालायला लाजू नका, आणि पुरुषांनीही त्यात कमीपणा मानू नये.

गावी राहणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता एवढेच की, ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने आपल्या सेस फंडाचे २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत हिशेब मागा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहू.

हे लिहून होत असतानाच ताई संध्याकाळी घरी येऊन गेल्या. सोबत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात जुन्या वहीत दडपलेले कागद. १९९४ च्या मतदार यादीचा उतारा निघाला, त्यात नाव बरोबर आहे. लाइट बिल मात्र अजून यजमानांच्या नावे आहे, त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. मृत्यूचा दाखला पिशवीत नव्हता. तो सोमवारी वॉर्ड ऑफिसातून काढायचा ठरले आहे. थोरली मुलगी कॉलेजला दांडी मारून बरोबर जाणार आहे.