गाणे सर्वांचे, सक्ती कोणालाच नको



गेल्या महिन्यात नववीच्या काही मुली आमच्या कार्यालयात आल्या. यंदाच्या स्नेहसंमेलनात एक वर्गखोली ‘नोरेबांग’साठी द्यावी, अशी त्यांची मागणी. आम्हाला शब्दच कळेना. कोरियन मालिका पाहणाऱ्या त्या मुलींनीच मग आम्हाला शिकवले : ‘नोरे’ म्हणजे गाणे आणि ‘बांग’ म्हणजे खोली. हे नवे खूळ शाळेत कशाला, हाच आमचाही पहिला विचार होता. पण नाही म्हणण्यापूर्वी माहिती घ्यावी असे ठरवले, आणि माहिती घेतल्यावर आमचे मत बदलले.

कराओके मूळ जपानचे. या शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’ : वाद्ये वाजतात, गायकाची जागा रिकामी असते. १९७१ मध्ये कोबे शहरातील दाइसुके इनोउए या वादकाने नाणे टाकून वाजणारे असे यंत्र तयार केले. दक्षिण कोरियात १९९१ मध्ये बुसान या बंदराच्या शहरात पहिली नोरेबांग सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत त्या गावोगावी दिसू लागल्या. छोटी बंद खोली, भिंतीलगत सोफे, पडद्यावर गाण्याचे शब्द, दोन माइक आणि वाजवायला खंजिरी. अनोळखी लोकांपुढे उभे राहायचे नाही. आपलेच मित्र, आपलेच घरचे. गाणे संपले की यंत्र गुण देते आणि सगळे हसतात. सुरेल गाणाऱ्यापेक्षा ओरडणाऱ्याला जास्त गुण मिळाले तरी कोणी मनाला लावून घेत नाही.

तेथील मुलांवर अभ्यासाचा ताण फार. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा संपली की विद्यार्थ्यांचे घोळके नोरेबांगकडे वळतात. शाळकरी मुलांना रात्री दहानंतर आत थांबता येत नाही आणि नोरेबांगमध्ये दारू विकायला कायद्याने मनाई आहे. अलीकडे नाणी टाकून एकदोन गाणी म्हणण्याच्या लहान खोल्याही निघाल्या आहेत. तेथे मुले एकटीच जातात, मनसोक्त गातात आणि घरी जातात.

पण या खोलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरियातील कचेऱ्यांत साहेबांसोबत जेवायला जाण्याची रीत आहे. तिला ‘होएशिक’ म्हणतात. जेवणानंतरचा दुसरा टप्पा बरेचदा नोरेबांगचा. साहेब म्हणाले ‘गा’, की कनिष्ठाने गायचे, रात्र कितीही झाली तरी. जी खोली मन मोकळे करण्यासाठी, तीच मग नोकरीचा भाग होते. तेथील तरुण पिढी या सक्तीला कंटाळली आणि उघड बोलू लागली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाला बंदी करणारा कायदाही २०१९ मध्ये तेथे लागू झाला.

या दोन बाजूंतून आम्ही एकच गोष्ट घेतली : गाण्यातून कोणाला गाळू नये आणि गाण्यासाठी कोणाला ढकलू नये.

हे लिहिताना आम्हाला स्वतःची आठवण येते. आम्ही पाचवीत असताना प्रार्थनेच्या वेळी एक गुरुजी म्हणाले, “तू नुसते ओठ हलव.” त्यानंतर आम्ही चारचौघांत कधी मोकळेपणाने गायलो नाही. गणपतीच्या आरतीतही आवाज दाबूनच. आणि तरीही, गेल्या वर्षी समूहगानातून सात मुलांची नावे गाळली गेली, तेव्हा त्या यादीवर सही आमचीच होती. कार्यक्रम उत्तम झाला, टाळ्याही पडल्या. त्या सात मुलांकडे मात्र आम्ही पाहिले नाही. ही चूक आमची आहे.

काही विश्वस्तांची शंका रास्त आहे की, अशाने कार्यक्रमाचा दर्जा घसरेल. गायनस्पर्धा आहे तशीच राहील आणि तेथे निवडही होईल. पण समूहगानात ज्याची इच्छा असेल तो प्रत्येक जण उभा राहील. आणि मुलींनी मागितलेली खोली आम्ही देत आहोत. तेथे गुण नाहीत, बक्षीस नाही. दार उघडे राहील, एक शिक्षक आत बसतील आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कोणी आग्रह करणार नाही.

आणखी एक फायदा आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलत असलो तरी मराठी गाण्याचे पहिले कडवे येते, दुसऱ्याला अडखळतो. इंदूरच्या आपल्या बहुतेक घरांत मुलांचेही हेच आहे. पडद्यावर शब्द दिसले की ते वाचले जातात आणि चालीबरोबर तोंडी बसतात. व्याकरणाच्या तासाला जे साधत नाही, ते कधी कधी गाण्यात साधते.

पालकांना विनंती एवढीच की, मूल घरी बेसूर गात असेल तर हसू नका, जमल्यास सोबत गा. त्या खोलीतले पहिले गाणे आम्ही म्हणणार आहोत. सूर लागेलच असे नाही, पण या वेळी नुसते ओठ हलवणार नाही.