वरून रुबाब, खालून खडखडाट

कॉन्टेसाला ‘भारताची मसल कार’ म्हणणाऱ्या भक्तांचा एक संप्रदाय आहे आणि त्याची शाखा आपल्या नगर जिल्ह्यातही आहे. (अहिल्यानगर म्हणा हवं तर. सरकारदप्तरी नाव बदललं, खड्डे मात्र जुन्याच पत्त्यावर राहतात.) भक्त ओळखायचा कसा? एमएच-16 ची पाटी, मॅट काळा रंग, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, मागच्या काचेवर ‘व्हिंटेज’ आणि हॉर्न असा की करंजी घाटातल्या ट्रकवाल्यानेही दचकून वाट द्यावी.

आता या पैलवानाची जन्मकुंडली बघू. इंग्लंडात व्हॉक्सहॉलने 1972 मध्ये व्हिक्टर नावाची एक सभ्य, संसारी गाडी काढली. तिकडे तिचा जमाना संपल्यावर हिंदुस्तान मोटर्सने तिचे साचे आणले आणि 1984 मध्ये कॉन्टेसा अवतरली. इंजिन कुठलं? अ‍ॅम्बॅसिडरचं, 1489 सीसीचं. अश्वशक्ती जेमतेम 50, तीही अ‍ॅम्बॅसिडरच्या तबेल्यातली. ज्या पाँटिअ‍ॅक जीटीओमुळे अमेरिकेत हे मसलचं खूळ पसरलं, ती 1964 ची गाडी 6.4 लिटर इंजिन आणि 325 अश्वशक्ती घेऊन आली होती. पुढे कॉन्टेसाला इसुझूचं 1.8 लिटर इंजिन मिळालं, तब्येत जरा सुधारली. पण लाल मातीत उतरवावं असं काही झालं नाही.

इथवर माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसतं आणि गाडी दिसायला देखणी आहे, हे मीही मान्य करतो. माझं भांडण पुढच्या दोन चाकांपुरतं आहे. या मंडळींना विचारा, रंगाला पैसा? आहे. अलॉय व्हीलला? आहे. सीटच्या लाल लेदरला, सायलेन्सरच्या गर्जनेला, डिकीभर स्पीकरला? आहे, आहे, आहे. पुढचं सस्पेन्शन उघडलं का हो? ‘त्याला काय झालंय? चालतंय की!’ नवरदेवाला शेरवानी चढवली, फेटा बांधला, पण दोन्ही गुडघे बाद. मांडवात उभा कसा राहणार?

अशीच एक गाडी केडगावच्या एका गॅरेजात जवळून पाहिली. मालक बाजूला उभे राहून इंजिनाच्या नादब्रह्माचं रसग्रहण करत होते. मिस्त्रीने खालच्या आर्मखाली जॅक लावला, चाक अधांतरी केलं आणि टायरखाली टॉमी घालून वर रेटलं. खट्! बॉल जॉइंटचा गोळा आपल्या वाटीत मोकळा नाचत होता. बुशांतलं रबर फाटून लोखंडाला लोखंड लागलेलं. टायर आतल्या बाजूने तार दिसेपर्यंत खाल्लेलं. मालक म्हणाले, ‘हे सगळं रस्त्यामुळे.’ मिस्त्री खालूनच म्हणाला, ‘साहेब, रस्ता सगळ्यांनाच आहे.’ त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पाय तेवढेच गाडीबाहेर होते, त्यामुळे ते सोयीचंही होतं.

हा बॉल जॉइंट म्हणजे फडतूस नग नव्हे. चाक आर्मला धरून ठेवणारा तो शेवटचा सांधा. तो निसटला की चाक आडवं पडतं आणि पन्नासच्या पन्नास घोडे नाक घासत रस्त्यावर.

पण थांबा, विद्वत्तेचा कळस पुढे आहे. गाडी ‘लो’ दिसावी म्हणून हे लोक पुढच्या स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापतात! वेढे कमी केले की स्प्रिंग बुटकी होते, तशी ताठही होते. अर्धी कापली तर दुप्पट ताठ. हे अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये होतं, पण त्या तासाला हे बहुधा गाडीच्या पोस्टरकडे बघत बसले असावेत. आता चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरत नाही, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचतो. मग काय? नगर-मनमाड रस्त्याच्या नावाने शिमगा! तो रस्ता शिव्या खाण्याच्या लायकीचा आहेच, त्याची वकिली मी करणार नाही. पण भाऊ, स्प्रिंग काय बांधकाम खात्याने कापली होती?

दुसरा थोर सिद्धांत शॉकअपचा. गाडी पुढून बसली? शॉकअप बदला! अहो, वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम तिच्या उड्या आवरायचं. थकलेल्या स्प्रिंगवर कितीही महागडे लाल-पिवळे शॉकअप लावले तरी बसलेली गाडी उठत नाही. फोटोत छान दिसते, एवढंच.

आणि पुढचं सस्पेन्शन नीट करायचं काम तरी असं काय अगम्य आहे? दोन्ही बाजू एकदम खोला. एकच बाजू करणं म्हणजे गाडी कायमची तिरकी करणं. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबूनच काढा. दाबलेली स्प्रिंग अंगावर सुटली तर व्हिंटेज होण्याइतकं तुम्ही टिकणार नाही. आर्म सरळ आहेत का बघा. जुने बुश प्रेसवर काढा, हातोड्याने नव्हे. कॉन्टेसा 2002 मध्ये बंद पडली, तेव्हा बुश कुणी ताटात वाढून देणार नाही. पण त्याचं बाहेरचं नळकांडं नागापूर एमआयडीसीतला लेथवाला मापाबरहुकूम उतरवून देईल. बॉल जॉइंट मात्र नवाच शोधा, जुन्याला वेल्डिंगचा टाका मारून देणाऱ्याला लांबूनच नमस्कार. शेवटी खरी मेख: आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चारी चाकांवर उतरवून, तिचं वजन तिच्यावर पडल्यावरच आवळायचे. रबरी बुश फिरत नाही, पिळवटतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर बुश जन्मभर पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. मग कॅम्बर, कॅस्टर, टो बघून अलाइनमेंट. झालं! यात कुठे काय चमकलं? काहीच नाही. तिथेच तर घोडं अडतं.

वर यांचा ‘ओरिजिनल’चा सोवळेपणा! बटण ओरिजिनल हवं, बिल्ला ओरिजिनल हवा. कापलेली स्प्रिंग मात्र ‘कस्टम’. काचेवरच्या ‘व्हिंटेज’चंही ऐका. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज ठरते. म्हणजे सगळ्यात पहिली कॉन्टेसाही 2034 च्या आत तिथे पोचत नाही. तोवर तुमची गाडी नुसती जुनी आहे, साहेब. जुनी असण्यात लाज नाही. खुळखुळा असण्यात आहे.

आणि हे सगळं कुठे चाललंय? नगरला! जिथे वाहननगरला व्हीआरडीई आहे, गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही हे तपासायचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक. जिथे टँक म्युझियममध्ये पाकिस्तानकडून हिसकावलेला पॅटन उभा आहे, चाळीसहून अधिक टनांचं धूड टॉर्शन बारवर पेलणारा. पीळ खाऊन वजन झेलणारे तसलेच बार आपल्या गरीब अ‍ॅम्बॅसिडरच्या पुढच्या चाकांनाही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आमचे मसलवीर त्या म्युझियमच्या भिंतीशी गाडी लावून रील काढतात. पार्श्वसंगीत मोठं ठेवतात, नाहीतर बुशांचा खडखडाट ऐकू येईल.

तेव्हा कुणी ‘मसल’ दाखवायला आला आणि बॉनेटला हात घालू लागला, तर हात धरा आणि जॅक मागा. निमूटपणे काढून दिला, तर गडी खरा. पट्टे कितीही मारू देत, सगळं माफ. ‘जॅक कशाला?’ म्हणाला, तर करंजी घाटात त्याच्या पुढे राहू नका. मागेही राहू नका. आणि बाजूला बसायचा आग्रह झालाच, तर नम्रपणे सांगा: एसटी बरी.