लोकेशन कामापुरतेच!

स्मार्टफोन कुठे आहे हे चार वाटांनी कळते : उपग्रहांचे संकेत, मोबाइलचे टॉवर, आसपासचे वाय-फाय आणि ब्लूटूथ. मोकळ्या शिवारात उपग्रहांवरून काही मीटरपर्यंत नेमकी जागा मिळते. शहराच्या दाट वस्तीत वाय-फायचा आधार अधिक होतो. लोकेशनचे बटण बंद केले तरी फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे मोबाइल कंपनीला ठाऊक असतेच, नाही तर कॉल लागणारच नाही. या पत्रकाचा वाद त्याच्याशी नाही. ज्या ॲपला जागेची गरज पाच मिनिटे असते, ते ती रात्रंदिवस घेत राहते, याच्याशी आहे.

पाच मिनिटांची गरज कशी असते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी ई-पीक पाहणीवरून ओळखतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहतो, गट क्रमांक निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. इथे जागा मागायला कारण आहे. सातबाऱ्यावर चढणारी सोयाबीनची नोंद पारावर बसून केलेली नसावी, हे सगळ्यांच्याच हिताचे. पण काम हंगामातून एकदाचे. परवानगीही तेवढीच हवी. प्रत्यक्षात ॲप टाकून देणारा दुकानदार किंवा घरातला पोरगा समोर येईल त्या चौकटीवर ‘अलाऊ’ दाबत सुटतो, आणि त्या घाईत इतर दहा ॲपनाही कायमचा परवाना मिळून जातो.

रोजगार हमीच्या कामावर प्रश्न याहून अवघड झाला. हजेरीचे ॲप मे २०२१ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सर्व कामांवर सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, जागेच्या नोंदीसह; फोन बहुधा मेटच्या, म्हणजे कामावरच्या मुकादमाच्या, स्वतःच्या खिशातला. अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावांत आधी रेंज शोधायची आणि मग हजेरी. कागदी मस्टरवर खोटी नावे चढत, हे कुणी नाकारत नाही. ॲपमुळे ती थांबतील असे सांगितले गेले. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना लिहावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोवरून काढलेले फोटो चढवले जात आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच : खोटी हजेरी चालूच राहिली आणि पाळत मात्र घाम गाळणाऱ्यावर बसली.

अंगणवाडी सेविकांनी हे आधीच ओळखले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, मेमरी अपुरी आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. स्वतःच्या फोनवर काम करायचे तर घरचे फोटो, बँकेचे मेसेज आणि गावातल्या बाळांची वजने एकाच यंत्रात. सरकारी कामाला सरकारी यंत्र द्यावे, ही त्यांची मागणी आजही तितकीच रास्त आहे.

एका दिवसाची जागा कळल्याने फारसे बिघडत नाही. महिनाभराची नोंद मात्र माणूस उघडा पाडते. फोन रात्री जिथे असतो ते घर; दिवसा जिथे असतो ते कामाचे ठिकाण; दर सोमवारी जिथे थांबतो तो दवाखाना. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे फडावर गेली की घराला महिनोन्महिने कुलूप असते, हेही फोन सांगतो. नाव काढून टाकले की माहिती निरुपद्रवी होते, हा युक्तिवाद तर २०१८ च्या जानेवारीतच निकालात निघाला. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कुणाचेही नाव नव्हते, तरी सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या रेषांवरून परदेशातले अमेरिकी लष्करी तळ ओळखू आले. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि भिंगारची छावणी ज्या अहिल्यानगर शहराला लागून आहे, तिथे याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

बटण बंद केले म्हणजे सुटलो, हाही भ्रम. गुगलची लोकेशन हिस्टरी बंद ठेवली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागेची नोंद होत राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजून तडजोड केली.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा जाच वेगळाच. हप्ता चुकला की फोनमधल्या मेव्हण्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना बदनामीचे मेसेज जात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला : कर्जाच्या ॲपने संपर्क यादी, कॉलच्या नोंदी आणि फोटो यांना हात लावायचा नाही, कॅमेरा, माइक आणि लोकेशन फक्त एकदा, ग्राहकाची ओळख पटवण्यापुरते, तेही स्पष्ट संमतीने. म्हणजे ‘कामापुरते लोकेशन’ ही मागणी अव्यवहार्य नाही. कर्जाच्या धंद्यात ती नियम म्हणून लागू आहे. इतर धंद्यांना मोकळीक का, याचे उत्तर कुणी देत नाही. ॲपच्या धंद्यात भाविकांच्या श्रद्धेचाही बाजार झाला. ज्या गावात घरांना दारे लावत नाहीत, त्याच शिंगणापूरच्या शनैश्वर देवस्थानाच्या नावावर बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेले.

लोकेशन आणि नोटिफिकेशन ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत. शिर्डीत दर्शन घेऊन बाहेर पडावे तर नकाशाचे ॲप ‘ही जागा कशी वाटली?’ म्हणून विचारते. या सौजन्याचा अर्थ एवढाच की ते दारापर्यंत बरोबर आले होते. बाकी दिवसभर रमीचा बोनस, साड्यांचा सेल, मंजूर झालेले न मागितलेले कर्ज. या गर्दीत बँकेचा खरा इशारा वर ढकलून पुसला जातो. १९०९ वर ‘डीएनडी’ची नोंद केल्याने जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस आटोक्यात येतात, ॲपच्या सूचना त्या नियमात बसतच नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार अनुचित ठरवले, त्यांत सतत तगादा लावणे हा एक आहे. त्याची तक्रार १९१५ वर करता येते. पैसेच गेले असतील तर १९३०.

सगळ्याच सूचना बंद कराव्यात असे मात्र नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. त्याला जागा सतत लागते, आणि वळवापासून परतीच्या पावसापर्यंत ती जरूर द्यावी. दिवाळीनंतर काढून घ्यावी. कामापुरता मामा ही म्हण माणसांच्या बाबतीत वाईट असेल, ॲपच्या बाबतीत तेच शहाणपण आहे.

ते करण्याची सोय फोनमध्ये आहे, फक्त ती आत दडवलेली असते. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून ‘ॲप वापरात असतानाच’ आणि २०२० पासून ‘फक्त या वेळी’ हा पर्याय मिळतो. २०२१ पासून अचूक जागेऐवजी ढोबळ जागा देता येते. हवामान पाहायला तालुका कळला तरी पुरतो. २०२२ पासून नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी विचारावे लागते. आयफोनमध्येही हे पर्याय आहेत. सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडले की अलीकडे कोणी जागा मागितली त्यांची यादी दिसते. टॉर्च, कॅलेंडर किंवा पत्त्यांचा खेळ त्यात आढळला तर ते ॲप ठेवण्याचे कारण उरत नाही.

कायद्याची बाजू मिश्र आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी जामिनावरील आरोपीने गुगल मॅपची पिन तपास अधिकाऱ्याला द्यावी ही अट रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर सतत नजर राहील अशी अट घालताच येत नाही, असे सांगितले. अमली पदार्थांच्या त्या खटल्यातील आरोपीला जे संरक्षण आहे, ते टॉर्चच्या ॲपपुढे शेतकऱ्याला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे. संमतीची सूचना मराठीतून मागण्याचा हक्क या कायद्यात आहे. मात्र अनुदान व लाभ देताना सरकारला ठरावीक परिस्थितीत संमतीवाचूनही माहिती वापरता येते. याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आणि त्यातली जनहिताची तरतूद काढून टाकली. तो बदल मात्र लगेच लागू झाला. ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून माहिती अधिकाराची मागणी राज्यभर गेली, तिथे हा व्यवहार एकतर्फीच वाटणार : साहेबाची फाइल झाकलेली, मजुराचा खिसा उघडा.

विरोध केला की ऐकले जाते, हेही दिसले आहे. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालण्याचा केंद्राचा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला आणि ओरड होताच ३ डिसेंबरला मागे घेतला गेला. म्हणून पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव मांडावा : शासकीय ॲपने जागा कामाच्या वेळेपुरतीच घ्यावी, कोणती माहिती घेतली, ती कुठे व किती दिवस राहते, याचा मराठी फलक ग्रामपंचायतीत लावावा, सक्तीच्या ॲपसाठी फोन आणि रिचार्ज शासनाने द्यावा, रेंज नसेल तिथे कागदी हजेरी ग्राह्य धरावी. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.