अंतःप्रेरणा, चहा-बिस्किटांसह

पूर्वी ज्याला चित्र काढता येत नसे, तो तसं सांगून टाकी. "आपल्याला बुवा साधा कावळा जमत नाही," एवढं म्हटलं की सुटला. आता तोच माणूस "मी अंतःप्रेरणेने काढतो" म्हणतो आणि कावळा काढतो. हा कावळ्यासारखा दिसत नाही असं तुम्ही म्हणालात, तर चूक तुमची. तुमची दृष्टी अजून शुद्ध झालेली नाही!

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असंच एक शिबिर झालं. विषय : रंगांतून आत्म्याकडे. दोन दिवस, तीन हजार रुपये, चहा-बिस्किटं धरून. (आत्मा त्यात धरला होता की जादा, ते पत्रकात नव्हतं.) हॉलची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मला मागच्या खुर्चीत फुकट बसायला मिळालं. शिबिर घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "विचार करू नका. डोकं बाहेर चपलांपाशी ठेवा. आतून येईल ते येऊ द्या." आमच्या काही सभासदांना ही सूचना पाळायला मुळीच कष्ट पडले नाहीत.

तासाभराने एकवीस आत्म्यांतून बाहेर आलं ते असं : तेरा सूर्य, पाच कमळं, दोन डोंगरांमधली नदी दोनदा आणि एक नुसता जांभळा डाग. डाग काढणाऱ्या गृहस्थांचं पाणी सांडलं होतं. ताईंनी प्रत्येकापाशी थांबून "वा!" म्हटलं. डागापाशी दोनदा म्हटलं.

आता मला सांगा, एकवीस निरनिराळ्या माणसांच्या अंतरंगातून तेच तेच सूर्य आणि तीच तीच कमळं कशी निघाली? याचं कारण साधं आहे. आतून झटकन जे येतं, ते बहुधा बाहेरूनच आत गेलेलं असतं, वाण्याने दिलेल्या कॅलेंडरवरून! डोकं चपलांपाशी ठेवलं म्हणून आत्मा पुढे येत नाही. सवय तेवढी पुढे येते.

माझं भांडण रंगांशी नाही. माणसाने दिवसभर मोबाइल चोळण्यापेक्षा ब्रश धरावा, हे केव्हाही बरं. मन हलकं होत असेल तर उत्तमच. पण मन काय, शेजाऱ्याशी भांडल्यानेही हलकं होतं. त्याला कुणी साधना म्हणत नाही.

ताईंनी कांदिन्स्कीचा दाखला दिला. कलेतल्या अध्यात्मावर त्याने १९११ साली पुस्तक काढलं, हे खरंच आहे. पण हा गृहस्थ तिसाव्या वर्षी, १८९६ साली, कायद्याचं क्षेत्र सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला होता. शिकायला! आतून जे अवचित येतं त्या चित्रांना तो 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणे आणि आत जे सावकाश मुरवून काढायचं त्यांना 'कॉम्पोझिशन'. त्याचं सातवं कॉम्पोझिशन १९१३ साली अवघ्या चार दिवसांत रंगवून झालं. त्याआधीचे तिसांहून जास्त कच्चे आराखडे मात्र कुणी सांगत नाही. चार दिवस सगळ्यांना हवेत, आराखडे कुणालाच नकोत.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपले वासुदेव गायतोंडे जे. जे.मधून रीतसर शिकून १९४८ साली बाहेर पडले. झेनकडे ओढा, बोलणं कमी, आणि वर्षाकाठी चित्रं पाच-सहा. रंग रोलरने चढवायचा, सुरीने काढायचा, आणि बाकीचे महिने वाट बघायची. आतल्या आवाजावर ज्याचा खरा विश्वास असतो, तो त्याला असा दर अर्ध्या तासाने हाका मारत नाही.

हेही मोठं वाटत असेल, तर आमच्या आजीचं सांगतो. चातुर्मासात ती देवासमोर रोज तेहतीस गोपद्मं काढी. चिमटीतून रांगोळी सोडायची, रेघ जाड झाली की पुसायची, पुन्हा काढायची. दुसऱ्या दिवशी सगळंच पुसून पहिल्यापासून. त्यावर सही नाही, फोटो नाही, "वा!" म्हणायला ताई नाहीत. तिसऱ्या महिन्यात तिची बोटं आपणहून चालत. तोंडाने ती सुनेला आमटीत गूळ घालायला सांगे आणि इकडे गाईची पावलं एकापुढे एक, एका मापाची उमटत जात. माझ्या मते अंतःप्रेरणा ती हीच. "मी व्यक्त झाले," असं आजी जन्मात म्हणाली नाही. व्यक्त व्हायला त्या पावलांत 'मी' उरतच नव्हता.

शिबिरवाल्यांशी माझं मुख्य भांडण आहे ते इथे. साधनेत 'मी' झिजायला हवा. इथे तो फ्रेम करून दिवाणखान्यात टांगतात, वर पाहुण्यांना दाखवतात.

तेव्हा ज्यांना खरोखरच साधना करायची आहे, त्यांनी दहा-वीस रुपयांची रांगोळी आणावी. एकच आकृती रोज काढावी, रोज पुसावी. कुणाला दाखवू नये. पहिला महिनाभर आतून काहीही येणार नाही. नंतर कंटाळा येईल. तो आला की हात थांबवू नये. साधना तिथून पुढे सुरू होते.