सुगरणीचा साक्षीदार कोण?

किहीमवर प्रकल्प लिहिणारी कॉलेजची पोरं मदतीला आली की मी आधी संदर्भयादी बघतो. रिसॉर्टची वेबसाइट, एखादा ट्रॅव्हल ब्लॉग, व्हॉट्सॲपवर फिरलेला मजकूर, आणि हल्ली एआयनं सुचवलेलं एखादं पुस्तक, जे कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही. सगळीकडे वाक्य एकच: सलीम अलींनी किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. "सर, चौघांनी लिहिलंय, म्हणजे खरंच ना?" खरंच आहे. पण चौघांनी एकमेकांचं उतरवलं तर साक्षीदार एकच उरतो, तोही ऐकीव.

ज्यानं पाहिलं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की! बर्लिनहून परतल्यावर नोकरी उरली नाही, म्हणून सलीम अली 1930 साली किहीमला येऊन राहिले. तिथल्या सुगरणींवरचा त्यांचा लेख 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. नर खोपा अर्धा विणतो, मादीनं पसंत केला की पुरा करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो. (आपण मात्र विणकामाचं सगळं श्रेय मादीला देत आलो!) त्या जर्नलचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहेत, मोबाइलवरही उघडतात.

त्यांचं आत्मचरित्र आलं 1985 ला, म्हणजे पन्नासेक वर्षांनी. ते किहीमला का आले, हे सांगायला ते उत्तम. पण खोप्यांच्या निरीक्षणासाठी 1931 चा लेखच धरायचा. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरचंही तसंच. माहिती भरपूर, पण लिहिणारं सरकार इंग्रजांचं. जातीजमातींच्या स्वभावावरचे त्यातले शेरे पुरावा म्हणून जसेच्या तसे उचलायचे नसतात.

आणि "मान्यताप्राप्त जर्नल" या शिक्क्यावरही विसंबू नका. यूजीसीनं 2018 मध्ये स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 जर्नल्स काढली होती.

पोरांना मी दोष देत नाही. पंधरा संदर्भ हवेतच म्हटल्यावर ती पंधरा नावं गोळा करणारच. आपल्या भागातल्या प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे, तीनच मागा. पण प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून घ्या: लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं का, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं. आणि तोंडी परीक्षेला त्यातलं एक पान उघडायला सांगा.