ताटे किती आणि कोणासाठी?

गेल्या महिन्यात आम्ही भाड्याचे घर सोडून स्वतःच्या घरात राहायला गेलो. जुनी, पोचे पडलेली ताटे नव्या घरात न्यायची नाहीत, असे आमच्या घरच्या आयुष्यमतींनी ठरवले. म्हणून दोघेही भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकामागून एक डिनर सेट समोर मांडले. २७ नगांचा, ३५ नगांचा, ५१ नगांचा. मग त्याने विचारले, "साहेब, घरात माणसे किती?" आम्ही म्हणालो, "चार." तो म्हणाला, "मग ५१ चाच घ्या. उद्या चार लोक आले तर कमी पडायला नको." चार माणसांना ५१ नग कसे लागतात, हा हिशेब इतकी वर्षे कोर्टात उलटतपासण्या घेऊनही आम्हाला समजला नाही. काहीही न घेता आम्ही परत आलो.

वाचक म्हणतील, वकीलसाहेब, समाजापुढे एवढे जळते प्रश्न असताना तुम्ही ताट-वाटीवर काय लिहायला बसलात? आमचे उत्तर असे की, या देशात ताट-वाटी हा केवळ स्वयंपाकघराचा विषय कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना गावाबाहेर राहायला आणि फुटक्या भांड्यांत जेवायला सांगितले. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पण कागद जळला तरी मन जळत नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावी बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, तेव्हा सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. एप्रिल १९३६ मध्ये जयपूर संस्थानातील चकवारा येथे तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्याच बांधवांना तुपातले जेवण दिले. पंगत बसलेली असताना लाठ्या घेऊन आलेल्या सवर्णांनी ते अन्न नासवले. या दोन्ही घटना बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नोंदवून ठेवल्या आहेत. भांडे कोणते आणि त्यात काय वाढलेले, हे ठरवण्याचा अधिकारसुद्धा आपल्याकडे नव्हता.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले. छत्रपतीने ओठाला लावलेला तो कप म्हणजे एका हुकूमनाम्याइतकाच मोठा निर्णय होता. कारण त्या काळी आपल्या माणसाला हॉटेलात चहा मिळालाच, तर तो बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात मिळे. पिऊन झाल्यावर तो कप त्यानेच विसळून जागेवर ठेवायचा असे.

म्हणून आपल्या आधीच्या पिढीने गिरणीच्या, रेल्वेच्या पगारातून पितळेची घागर घेतली, मग स्टीलचे डबे घेतले, ते घासूनपुसून मांडणीवर ओळीने लावले, त्याला आम्ही कधीही हौस म्हणणार नाही. आमच्या आईने लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतले होते. तिला वाचता येत नव्हते, पण नाव कुठे कोरले आहे ते तिला बोटाने समजे. ज्यांच्या वाट्याला फुटके मडके लिहून ठेवले होते, त्यांनी अखंड भांड्यावर स्वतःचे नाव कोरले, ही क्रांतीच होती.

प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा, म्हणजे आमचा. आज आपल्या नोकरदार घरांत काचेच्या कपाटात डिनर सेट असतो. त्याला सहा-सहा महिने हात लागत नाही. पाहुणे आले की धुण्याचा त्रास नको म्हणून कागदी प्लेट काढली जाते. लग्नात भांड्यांची रास मांडून दाखवली पाहिजे म्हणून मुलीचा बाप पतसंस्थेचे कर्ज काढतो. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान आणि शेजाऱ्याला दाखवायची श्रीमंती यांत आपण गल्लत करू लागलो आहोत.

या राशीचा शेवट आम्ही कोर्टात पाहतो. संसार मोडतो, आणि मग ताटे किती, पातेली किती, हंडे किती, यावर दोन्ही बाजूंची साक्ष होते. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे आणि ते परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने नियम केले की, लग्नातील भेटवस्तूंची लेखी यादी करावी, तिच्यात वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे, आणि वधूवरांनी तिच्यावर सही करावी. हजार माणसांच्या लग्नाची पत्रिका आपण तीन वेळा तपासतो, पण ही यादी कोणी करत नाही. मग मुलीच्या हाती पुरावा उरत नाही.

दुसरा कायदा आम्हाला अधिक बोलका वाटतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की, कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आली तरी त्याच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. म्हणजे सावकाराचा हातही जिथे थांबतो, ती माणसाची खरी गरज. कपाटातल्या डिनर सेटला मात्र हे संरक्षण मिळेलच, असे आम्ही आमच्या अशिलाला सांगणार नाही.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता. भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक म्हणजे भिक्षापात्र. ते लोखंडाचे किंवा मातीचे असावे. सोन्याचांदीचे चालणार नाही. जादा पात्र मिळाले तर ते दहा दिवसांपेक्षा अधिक जवळ ठेवू नये. आणि हातातल्या पात्राला पाच ठिकाणी सांधे येईपर्यंत नवे मागू नये, असा विनयाचा नियम आहे. आपण गृहस्थ उपासक आहोत, हा नियम आपल्यासाठी नाही हे खरे. पण नवे भांडे घेण्याआधी जुने खरोखर निकामी झाले आहे का, हा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला आजही लाज वाटते. सामान बांधताना घरकामाला येणाऱ्या मावशी मदतीला होत्या. त्यांनी ताटे, वाट्या, कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. शेवटी ओट्याखालून कान तुटलेला एक कप काढला आणि त्या म्हणाल्या, "ताई, हा माझा. हा यांच्यात घालू नका, बाजूला ठेवते." आम्ही तिथेच उभे होतो. आयुष्यमती काही बोलल्या नाहीत, आम्हीही बोललो नाही. तो कप ओट्याखाली कधी गेला, कोणी ठेवला, हे दोघांपैकी कोणालाही सांगता येईना. आम्ही मावशींची जात कधी विचारली नव्हती. आणि तरीही त्यांचा कप वेगळा होता!

आम्ही वकील आहोत, बचाव आम्हाला लगेच सुचतो. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखाना अशा सार्वजनिक जागेतील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणाऱ्याला किमान एक महिना कैद सांगते. घराच्या ओट्याबद्दल ते कलम बोलत नाही. जात माहीतच नव्हती म्हटल्यावर गुन्हा शाबीत होणेही कठीण. पण संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यतेचे आचरण कोणत्याही स्वरूपात निषिद्ध केले आहे, आणि ते 'कोणत्याही स्वरूपात' हे शब्द आम्ही शेकडो सभांत मोठ्या आवाजात सांगितले आहेत. सभेतून घरी येऊन आम्ही चहा घेत होतो, तेव्हा तो कप आमच्यापासून चार हातांवर होता.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. आमच्या स्वयंपाकघरात ती नांदत होती. साहेबलोक आले की बोन चायना, घरच्यांना स्टील, आणि मावशींना तुटका कप. तेव्हा आमच्या लक्षात आले की, दुकानदाराचा प्रश्नच चुकीचा होता. घरात नग किती आहेत याच्या आधी, घरात भांड्यांच्या पायऱ्या किती आहेत हे मोजले पाहिजे.

मग आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि असा हिशेब केला. घरात माणसे चार. रविवारी सहज येणारे पाहुणे चार-पाच. दोन-तीन जादा. म्हणून १२ ताटे. रस्सा आणि वरण अशा दोन वाट्या धरून २४ वाट्या. १२ पेले, १२ कप. सगळे एकाच घाटाचे. ताटे-वाट्या स्टीलच्या घेतल्या, कारण त्या फुटत नाहीत आणि जुन्या झाल्या तरी मोडीत किंमत येते. दुकानात चुंबक लावून स्टील पारखतात, त्यावर विसंबू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण हलक्या २०२ लाही चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्यावी. मेलामाइन स्वस्त आणि देखणे असते, पण ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. भडक रंगांच्या, कोणी बनवल्या ते न लिहिलेल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसे असू शकते, ती जेवणासाठी घेऊ नयेत. आणि बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख असते. मांसाहारी म्हणून आपल्याला घर नाकारणारे काही शुद्ध शाकाहारी लोक त्याच बशीतून चहा पितात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे!

तेराव्या पाहुण्याचे काय? त्याला समाजाने पूर्वीच उत्तर दिले होते. वस्तीत वर्गणीतून घेतलेली समाजाची भांडी असत. लग्न असो, जलदान विधी असो, ती न्यायची, घासून मोजून परत द्यायची. प्रत्येक विहाराने २०० ताटे, २०० पेले आणि मोठी पातेली घेतली, एक वही ठेवली, तर गरीब बापाचे भाडे वाचेल आणि आपली कपाटेही मोकळी होतील. त्या ताटांवर व्यक्तीचे नाव घालू नये, विहाराचे घालावे.

नव्या घरात पहिल्या दिवशी आयुष्यमतींनी नव्या कपात चहा ओतून मावशींच्या हातात दिला. मावशी म्हणाल्या, "नको ताई, फुटला तर?" आयुष्यमती म्हणाल्या, "आमच्या हातूनही फुटतात, मावशी. बसा इथे." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. चहा संपल्यावर कप कुठे ठेवायचा, म्हणून त्या घुटमळल्या. आयुष्यमतींनी तो घेऊन आमच्या कपांबरोबर विसळला आणि एकाच ओळीत पालथा घातला.

आम्ही काही मोठे केलेले नाही. जे आधीच व्हायला हवे होते ते उशिरा केले. वाचकांना आमची एकच विनंती आहे. आज हे वर्तमानपत्र खाली ठेवल्यावर आपल्या ओट्याखाली, गॅलरीत, मोरीच्या कोनाड्यात एकदा डोकावून पाहा. तिथे एखादा वेगळा कप सापडला, तर डिनर सेट घेण्याआधी तो बाहेर काढा.

जयभीम!